रफार आधी बोलायचा

सकाळी 6. घोडेगावात या वेळी दुधाच्या गाड्या सोडल्या तर रस्त्यावर फारसं कुणी नसतं. निघण्याआधी पिशवी एकदा तपासून घेते. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर लिहिलेल्या शब्दपट्ट्या, मधे खिडकी कापलेलं पुठ्ठ्याचं कार्ड, दुरेघी वह्या, खडू. अंकलिपी मात्र मी कधीच घेत नाही. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलासमोर अननसाचं चित्र ठेवलं की तो आधी दाराकडं बघतो, कुणी पाहत तर नाही ना म्हणून. वाचता येत नाही याचं दुःख त्यानं केव्हाच गिळलेलं असतं. ते चारचौघांत उघडं पडेल ही धास्ती मात्र रोज नव्यानं असते.

सकाळी 7. डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या डोंगराकडं, महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी मुलांच्या आश्रमशाळा आहेत. त्यातल्या एका शाळेत सकाळच्या अभ्यासिकेचा तास मला मिळतो. मागच्या बाजूची एक छोटी खोली मुख्याध्यापकांकडून मी हट्टानं मागून घेतली आहे. तिथं सातवी ते नववीतली मुलं येतात.

ही मुलं ‘काहीच येत नाही’ अशी मुळीच नसतात. फळ्यावरचं सगळं ती सुबक अक्षरात उतरवून घेतात. उतरवलेलं वाच म्हटलं की गप्प होतात. एकाला आख्खा धडा तोंडपाठ असतो, कारण शेजारच्यानं तो दोनदा वाचलेला त्यानं ऐकलेला असतो. तोंड चौथ्या ओळीवर आणि बोट दुसऱ्या ओळीवर, हे जवळ बसल्याशिवाय दिसत नाही. आणखी एक जण पहिलं अक्षर बघून उरलेला शब्द अंदाजानं पुरा करतो. ‘शि’ दिसलं की ‘शिवनेरी’. आमच्या भागातल्या मुलाला तोच शब्द आधी सुचणार. धड्यात ‘शिकारी’ असतं. पुढच्या वाक्याचा अर्थ लागत नाही, मग तिथंही अंदाज. अशी आठ वर्षं निघून जातात.

म्हणून खिडकीचं कार्ड. शब्द झाकायचा आणि एकेक अक्षर उघडत जायचं. शि, का, री. पुढचं दिसतच नाही, त्यामुळं अंदाज बांधायला जागा उरत नाही. पहिल्या दिवसांत मुलं चिडतात, कारण अंदाज ही त्यांची इतक्या वर्षांची सोबत असते.

बाराखडी म्हणून घेतली तर ती सगळ्यांना येते. चाल लावून येते. पण ‘कू’ कुठलं दाखव म्हटलं की ‘क’पासून सगळी चाल म्हणत तिथवर यावं लागतं. पस्तीसच्या आसपास व्यंजनं आणि प्रत्येकाची बारा रूपं धरली तर चारशेच्या वर अक्षरं होतात, जोडाक्षरं वेगळीच. इतकं कुणी पाठ करत नाही, करायचंही नसतं. एक खूण एकदा कळली की ती कुठल्याही अक्षराला लावता येते, एवढं पटलं की चारशेचा डोंगर पन्नासेक खुणांवर येतो. मी क, ख, ग, घ, ङ या ओळीनं जात नाही. उच्चाराच्या दृष्टीनं तो क्रम अतिशय विचारपूर्वक लावलेला आहे. पण वाचायला लागणाऱ्याला पाचव्याच पायरीवर ‘ङ’ देऊन काय उपयोग? क, म, न, र, ल आणि काना. एवढ्यावर मका, नाक, काम, नाला, कान, मामा होतात आणि मोठा मुलगा पहिल्याच तासाला पुरा शब्द वाचून उठतो. घ आणि ध, भ आणि म, ब आणि व या जोड्या मुद्दाम लांब लांब ठेवते.

आज मात्र या मुलांचा खरा मजकूर पट्टीवर आहे: ‘एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय, घोडेगाव’. त्यांची शाळा, वसतिगृह, शिष्यवृत्ती यांचा कारभार याच कार्यालयातून चालतो. या पाटीखालून ती अनेकदा गेलेली असतात. या पाटीइतका चांगला धडा मला कुठल्या पुस्तकात सापडलेला नाही.

नववीतला मुलगा वाचतो, “प्रकल्प कायार्लय.” बाकीच्यांनाही ते तसंच दिसतं, कुणी हसत नाही. दोष डोळ्यांचा नाही. रफार ‘या’च्या डोक्यावर आहे, म्हणजे तो ‘या’नंतर बोलायचा, असं डोळा सांगतो. उच्चार मात्र उलटा असतो. मी त्याला आधी वाचायलाच लावत नाही. “कुठं जायचंय शिष्यवृत्तीचं विचारायला?” तो सहज म्हणतो, “कार्यालयात.” तोच शब्द तोडून म्हणायला सांगते. कार्, या, लय. आता चार कपटे: का, र्, या, लय. बोललास त्या क्रमानं मांड. तो मांडतो. मग र्‌चा कपटा उचलून ‘या’च्या डोक्यावर ठेवायचा. बोलताना त्याचा नंबर आधी, बसायची जागा पुढच्याच्या डोक्यावर. तो कपटा दोन-तीनदा उचलतो, परत खाली आणतो, परत वर ठेवतो. नंतर मी पुढं सरकवते: अर्ज, खर्च, कर्ज, वर्ग. घरात रोज कानावर पडणारे शब्द. ‘कर्ज’ त्यानं आपला आपण वाचला आणि बापाच्या सोसायटीच्या कागदावर हाच आहे म्हणाला.

त्याच पाटीत ‘प्रकल्प’ आहे, तिथं हाच र पायाशी तिरका बसतो. ट्रकमध्ये तो ट-खाली वेगळाच दिसतो आणि दऱ्याखोऱ्यांत आणखी निराळा. चारही रूपं एका दिवशी शिकवायची नाहीत. आज डोक्यावरचा, पुढच्या आठवड्यात पायाखालचा. ‘एकात्मिक’मधली वेलांटी तर त्याहून अवघड. ती अर्ध्या त-च्याही आधी उभी राहते आणि बोलायची म-नंतर. तो शब्द पट्टीवर नुसता असू देते. एका मुलीनं स्वतःहून विचारलं, “मॅडम, ही वेलांटी एवढी लांब का उभी?” या प्रश्नासाठी मी आठवडाभर थांबायला तयार असते.

सकाळी 9. नाश्ता उरकून वर्ग सुरू होतात. परिपाठानंतर आठवीतली एक मुलगी माझ्याकडं वीस मिनिटं असते. तिला वाचता येतं, लिहिताना अडतं. श्रुतलेखनात तिनं लिहिलं: पानी, लोनी, दुध, ऊसाला. पहिले दोन शब्द तिनं कानाला इमान राखून लिहिलेत. तिच्या घरी, वाडीत, सगळे ‘पानी’च म्हणतात. तिला मी तसंच सांगते, तू बोलतेस ते अगदी बरोबर लिहिलंस. मग पुस्तकातलं लिहिणं दाखवते, तिथं ण लागतो. तिचं बोलणं सुधारण्याच्या फंदात मी पडत नाही. बोली दुरुस्त करायला गेलं की मूल बोलायचंच बंद होतं, आणि न बोलणाऱ्याला लिहायला शिकवता येत नाही. ण-चे शब्द गोतावळ्यानं घेतो: पाणी, पाणवठा, पाणलोट. एकाचा ण पक्का झाला की बाकीचे आपोआप त्याच्याबरोबर येतात.

दुध आणि ऊसाला यांना मात्र नियम आहे. साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम 1962 साली आले, 1972 मध्ये त्यात भर पडली. त्यातला मला सगळ्यांत उपयोगी पडणारा हा: शब्दाचं शेवटचं अक्षर नुसतं, खुणेविना असेल, तर त्याच्या आधीची वेलांटी किंवा उकार लांब. मीठ, दूध, ऊस, फूल. शब्दाला शेपूट लागलं की आखूड. मिठात, दुधाला, उसाला, फुलांचा. गुण, विष असे संस्कृतातून जसेच्या तसे आलेले शब्द यात बसत नाहीत, पण ते आज तिच्यासमोर आणायचं कारण नाही. ती म्हणून बघते: दूऽध, दुधाला. लांबी कानाला कळते. वहीत मी फक्त शिकवलेल्या चुकांवर खूण करते. न शिकवलेल्या चुकांवर लाल शाई चालवणं अन्याय आहे.

सकाळी 11. शिक्षकांच्या खोलीत चहा. इथलं काम वर्गाइतकंच महत्त्वाचं. विज्ञानाच्या सरांना विनंती असते, वाचताना अडणाऱ्या मुलाला अचानक उभं करून वाचायला लावू नका. परिच्छेद आदल्या दिवशी द्या, तो तयारी करून येईल. प्रश्न तुम्ही वाचून दाखवा आणि उत्तर तोंडी घ्या, मग कळेल त्याला विज्ञान किती येतं. एक शिक्षिका म्हणाल्या, आठवीत येऊन वाचता येत नाही अशी मुलं आपल्याच नशिबी कशी? आपल्याच नाहीत. ‘असर’च्या 2018च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली आठवीची सुमारे 27 टक्के मुलं दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकली नव्हती. आणि सोनाली नाग यांनी 2007 साली कन्नड मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात अक्षरं पक्की होण्याचा काळ चौथी-पाचवीपर्यंत लांबलेला दिसतो. मराठीची लिपीही त्याच घडणीची. आपण पहिलीत बाराखडी आणि दुसरीत जोडाक्षरं उरकतो आणि पुढं कुणीच त्या वाटेला जात नाही. त्या वर्षी ज्याच्या घरचे कामासाठी बाहेरगावी गेले, तो कायमचा मागं राहतो.

काही मुलांची अडचण याहून वेगळी असते. नजर आणि कान तपासून झाले, पुरेसं शिकवून झालं, तरी अक्षर टिकत नाही. अध्ययन अक्षमतेला 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात जागा मिळाली आहे आणि दहावीला अशा मुलांना सवलती मिळतात, हे पालकांना मी सांगते. पण प्रमाणपत्र येईपर्यंत शिकवणं थांबवायचं नाही. शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेत सॅम्युएल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांनी अशा मुलांसाठी जी वाट पाडली, डोळा, कान, जीभ आणि हात एकाच वेळी कामाला लावायची, ती इथंही लागू पडते. शब्दांच्या याद्या मात्र आपल्या आपण कराव्या लागतात. इंग्रजीत एकाच आवाजाची पाच-सहा लेखनं. आपल्याकडं आवाज बहुतेक सरळ, खुणांच्या जागा वाकड्या.

दुपारी 1. डबा. घोडेगावहून जुन्नरकडं.

दुपारी अडीच. जुन्नर तालुक्यातली जिल्हा परिषदेची शाळा. इथं सहावी-सातवीचा आख्खा वर्ग समोर असतो, वाचणारी आणि न वाचणारी एकत्र. मागं पडलेल्यांना वेगळं न काढता शिकवायचं तर काय करावं? मी नाणेघाटाकडं वळले. घाटातल्या गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे, ब्राह्मी लिपीत, दोन हजार वर्षांपूर्वीचा. सहलीला मुलं तिथं जातात. ब्राह्मीतला क म्हणजे गणितातली अधिकची खूण. ग म्हणजे डोंगराचं टोक. ठ म्हणजे नुसता गोल, आजच्या ठ-च्या पोटात तो अजून आहे. काना म्हणजे अक्षराच्या उजवीकडं काढलेली बारीक आडवी रेघ. फळ्यावर अधिकच्या खुणेला रेघ जोडून दोनदा काढलं आणि विचारलं, काय झालं? वर्ग गप्प. मागच्या बाकावरचा, कधी तोंड न उघडणारा मुलगा म्हणाला, “काका.”

ब्राह्मी कुणालाच येत नसते. पहिल्या नंबरचीही अडते, शेवटचाही अडतो, दोघं एकाच उंबऱ्यावर उभे. आणि अक्षर अधिक खूण ही आपल्या लिपीची सगळी रचना तिथं निव्वळ रेघांमध्ये उघडी दिसते. त्यानंतर त्या मुलाला ‘का’ आणि ‘गा’ आजच्या लिपीत दाखवले तर तो काना शोधायला लागला. इतकी वर्षं तो ‘का’ला एक वेगळंच चित्र समजत होता.

सायंकाळी 5. मारुतीच्या देवळाच्या सभामंडपात वाचन शिकायला बायका जमतात. कुणी टोमॅटोच्या तोडणीवरून आलेली, कुणी गोठा उरकून. यातल्या बऱ्याचजणी दुसरी-तिसरीपर्यंत शिकलेल्या, पुढं पुस्तकच हाताला लागलं नाही. पंधरा वर्षांवरच्या निरक्षरांसाठी ‘उल्लास’ कार्यक्रम आहे, 150 गुणांची परीक्षा आहे. काहीजणी त्यात बसतील. पण त्यांना वाचायचं आहे ते आजच्या कामाचं. एक काकू डेअरीची पावती घेऊन येतात. फॅट, लिटर, दर. “बाई, ह्या फ-वर काय बसलंय?” अर्धचंद्र. त्यांच्या शाळेच्या दिवसांत बाराखडीत तो नव्हताच. राज्य सरकारनं 2009च्या निर्णयात ॲ आणि ऑ वर्णमालेत घेतले. फॅट, बँक, डॉक्टर, ॲप. चार शब्दांत त्या खुणेशी ओळख झाली. पुढच्या पावतीवर फॅट किती लागलं ते काकूंनी स्वतः वाचलं आणि कालच्यापेक्षा कमी का, असं संकलन केंद्रावर विचारायचं ठरवलं.

उसाच्या पट्ट्यात बिबट्या आहे. माणिकडोहला त्यांचं निवारा केंद्र आहे आणि गावोगावी वनखात्याचे फलक आहेत. ‘बिबट्यापासून सावधान’ हे बायकांनी मागून घेतलेलं वाक्य. ‘ट्या’वर अडखळलं की आधी ट् म्हणायचा, तिथंच थांबायचं, मग या. दिवस मावळायच्या आत आम्ही उठतो. बॅटऱ्या असल्या तरी बायका एकट्यादुकट्या निघत नाहीत, घोळक्यानंच जातात.

रात्री 9. घरी वह्या. चुका मी माणसांप्रमाणं लावत नाही, खुणांप्रमाणं लावते. आज आश्रमशाळेतल्या वह्यांत रफार जवळजवळ सगळ्यांचा जागेवर आला आहे. ‘मार्च’ आणि ‘अर्ज’ सुटले नाहीत. ‘सूर्य’मध्ये दोघांनी सु आखूड काढला, तो नियम त्यांना शिकवलेलाच नाही, त्याला हात लावत नाही. पहिली वेलांटी मात्र तिघांनी अक्षराच्या उजवीकडं काढली, म्हणजे ऐकलं त्या क्रमानं लिहिलं. उद्या सातला प्रकल्प कार्यालयाची पाटी बाजूला ठेवायची. कि, मि, नि, लि. पट्ट्यांवर किती, मिठात, लिहिले, निघाला. ‘एकात्मिक’ची वेलांटी त्या मुलीला दाखवायची अजून बाकी आहे, पण ती या तीन वह्यांनंतर.