छोटी मोटार : दुरुस्त करावी की बदलावी?

एके काळी खेड्यातील घरात मोटार आली म्हणजे ती त्या घराचीच होऊन जाई. ॲम्बॅसडर किंवा फियाट एकदा नावावर झाली की ती बदलण्याचा विचार मालकाच्या मनास सहसा शिवत नसे. नव्या गाडीसाठी नाव नोंदवून वर्षानुवर्षे थांबावे लागे, हेही त्याचे एक कारण होते. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि शिक्षक, कारकून, लहान दुकानदार अशा कुटुंबांच्या आवाक्यात मोटार येऊ लागली. तिचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. त्यानंतर छोट्या गाड्यांचे अनेक प्रकार आले, कर्ज सुलभ झाले, जुनी गाडी घेऊन नवी देणारे विक्रेते तालुक्याच्या गावी दिसू लागले. त्यामुळे पूर्वी न पडणारा प्रश्न आता घरोघरी पडतो : हातातील गाडी आणखी किती वर्षे ठेवावी?

या प्रश्नाचा निर्णय बहुधा गॅरेजच्या दारात होतो, आणि तेथेच तो चुकतो. मेकॅनिक मोठ्या खर्चाचा अंदाज सांगतो, मालक चिडतो, आणि "एवढा पैसा हिच्यात घालण्यापेक्षा नवीच घेऊ" हे वाक्य उच्चारले जाते. या वाक्यात तुलना आहे ती दुरुस्तीचा खर्च आणि जुन्या गाडीची किंमत यांची. वस्तुतः तुलना करावयाची असते ती जुनी गाडी पुढील एक-दोन वर्षे चालविण्याचा खर्च आणि त्याच काळात नवी गाडी बाळगण्याचा खर्च यांची. या दोन तुलनांची उत्तरे पुष्कळदा अगदी उलट येतात.

न दिसणारा खर्च

दुरुस्तीचे पैसे खिशातून जाताना दिसतात. किमतीतील घट मात्र दिसत नाही, म्हणून ती हिशेबात धरली जात नाही. मोटार विम्यासाठी गाडीचे मूल्य ठरविताना जो घसारा-तक्ता रूढ आहे, तो या बाबतीत उद्‌बोधक आहे. त्यानुसार गाडी सहा महिन्यांची होईपर्यंत मूळ किमतीतून ५ टक्के, एक वर्षापर्यंत १५, दोन वर्षांपर्यंत २०, तीन वर्षांपर्यंत ३०, चार वर्षांपर्यंत ४० आणि पाच वर्षांपर्यंत ५० टक्के वजा केले जातात. बाजारातील किंमत गाडीच्या प्रकारानुसार याहून कमी-अधिक असते. पण पहिल्या पाच वर्षांत निम्मी किंमत विरून जाते, एवढे धरून चालण्यास हरकत नाही.

हिशेबाच्या सोयीसाठी एक गाडी ६,००,००० रुपयांस घेतली असे समजू. पहिल्या पाच वर्षांत तिची किंमत ३,००,००० रुपयांनी उतरली, पुढील पाच वर्षांत १,५०,००० रुपयांनी आणि त्यापुढील पाच वर्षांत ९०,००० रुपयांनी उतरली. देखभाल व दुरुस्ती यांचा वार्षिक खर्च या तीन टप्प्यांत अनुक्रमे १०,०००, २०,००० आणि ३०,००० रुपये धरला, तर एकूण वार्षिक भार पहिल्या टप्प्यात ७०,०००, दुसऱ्यात ५०,००० आणि तिसऱ्यात ४८,००० रुपये येतो. हे आकडे गृहीत धरलेले आहेत; प्रत्येकाने त्यांच्या जागी आपले आकडे घालून पाहावेत. इंधन यात धरलेले नाही, कारण ते दोन्ही गाड्यांस लागतेच.

आता दर पाच वर्षांनी गाडी बदलणाऱ्यास वर्षाला सरासरी ७०,००० रुपये पडतात, दहा वर्षांनी बदलणाऱ्यास ६०,००० आणि पंधरा वर्षांनी बदलणाऱ्यास ५६,०००. पाच वर्षांऐवजी दहा वर्षे थांबल्याने वर्षाला १०,००० रुपये वाचतात. परंतु दहाऐवजी पंधरा वर्षे थांबल्याने केवळ ४,०००. लवकर बदलणे महाग आहे, हे बहुतेकांस ठाऊक असते. दहा वर्षांनंतर रेटत राहण्यातही फारशी बचत उरत नाही, ही गोष्ट मात्र लक्षात येत नाही. त्या वयानंतर पैशाचा काटा जवळजवळ समतोल राहतो, आणि निर्णय गाडीच्या प्रकृतीवर व घराच्या गरजेवर सोपविणे योग्य ठरते.

वापर कमी असेल, तर हा समतोल आणखी पुढे सरकतो. वाडीपासून शाळेपर्यंत आणि आठवड्यातून एकदा बाजाराला, अशी वर्षाला पाच हजार किलोमीटर चालणारी गाडी पंधरा हजार चालणाऱ्या गाडीइतकी झिजत नाही. मात्र टायर, बॅटरी, रबरी नळ्या या वस्तू उभ्या गाडीतही म्हाताऱ्या होतात. टायरच्या बाजूवर छापलेल्या चार आकड्यांवरून त्याच्या निर्मितीचा आठवडा व वर्ष कळते. नक्षी शिल्लक असली तरी तो आकडा पाहावा.

एका शिक्षकाचे उदाहरण

डिचोली तालुक्यातील एका माध्यमिक शिक्षकाची बारा वर्षांची पेट्रोल गाडी आहे, असे समजू. क्लच, पुढील सस्पेन्शन आणि वातानुकूलन यंत्राचा कॉम्प्रेसर मिळून मेकॅनिकने ४५,००० रुपयांचा अंदाज दिला. गाडीस बाजारात १,००,००० रुपये येतात. विक्रेता म्हणतो, जुनी द्या, बाकीच्या ५,००,००० रुपयांचे कर्ज काढा आणि ६,००,००० रुपयांची नवी न्या. मुलगी बारावीला आहे. पुढील वर्षी तिच्या अभियांत्रिकीच्या शुल्काची व वसतिगृहाची तजवीज करावयाची आहे.

पुढील दोन वर्षांचा ताळेबंद मांडला, तर जुन्या गाडीस दुरुस्तीचे ४५,०००, नेहमीच्या देखभालीचे ३०,००० आणि किमतीतील घट ३०,००० मिळून १,०५,००० रुपये होतात. नव्या गाडीच्या किमतीतील दोन वर्षांची घट वरील तक्त्याप्रमाणे १,२०,००० रुपये. कर्ज ९ टक्के दराने पाच वर्षांत फेडावयाचे धरले, तर मासिक हप्ता सुमारे १०,३८० रुपये पडतो आणि पहिल्या दोन वर्षांचे व्याजच सुमारे ७५,००० रुपये होते. देखभालीचे १०,००० मिळविले की बेरीज २,०५,००० रुपये. नव्या गाडीचा विमाही अधिक पडतो, तो वेगळाच. म्हणजे "जुन्यात पैसे घालणे" हेच येथे दोन वर्षांत एक लाखाने स्वस्त आहे. मधल्या काळात आणखी एखादी तेवढीच मोठी दुरुस्ती निघाली, तरी पारडे फिरत नाही. मुलीच्या शुल्काच्या दिवसांत दरमहा दहा हजारांचा हप्ता मानेवर नसणे, याचे मोल तर कोणत्याही तक्त्यात बसत नाही.

हाच हिशेब कोणत्या परिस्थितीत कोलमडतो, हेही पाहिले पाहिजे. समजा, त्याच शिक्षकास मेकॅनिकने ४५,००० ऐवजी केवळ २०,००० रुपयांचा अंदाज दिला. परंतु गाडी जॅकवर चढविल्यावर सस्पेन्शन जेथे सांगाड्याला जोडलेले असते तेथील पत्रा गंजून पापुद्र्यासारखा सुटत असल्याचे दिसले. अशा गाडीवर वीस हजारही खर्चू नयेत. क्लच बदलला की नवा होतो. कुजलेल्या सांगाड्यावर पत्र्याचा तुकडा जोडला तरी शेजारचा पत्रा पुढच्या पावसाळ्यात सुटतो, आणि चाकाचा जोड धावत्या गाडीखाली निखळला तर प्रश्न पैशाचा राहत नाही.

पत्रा आणि पाऊस

गोव्यात गाडीचे आयुष्य बहुधा इंजिन ठरवीत नाही, पत्रा ठरवितो. वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस, किनाऱ्यावरील खारा वारा, आणि चाकांच्या कमानीत चिकटून महिनोन्‌महिने ओली राहणारी तांबडी माती, यांचा संयुक्त परिणाम असा होतो की इंजिन सुरळीत चालत असताना खालचा पत्रा निकामी होतो. चोडण, दिवाडीसारख्या बेटांवर फेरीबोटीने नित्य ये-जा करणाऱ्या गाड्यांना भरतीच्या वेळी धक्क्यावर खाऱ्या पाण्यातून जावे लागते. त्यांच्या तळाची काळजी अधिक घ्यावी लागते. बार्देश वा सासष्टीच्या किनाऱ्यावरील दहा वर्षांची गाडी आणि सत्तरीतील दहा वर्षांची गाडी यांचे वय कागदावर सारखे असले, तरी तळाशी ते सारखे असेलच असे नाही.

यासाठी दरवर्षी पावसाळा संपताच गाडी उंच चढवून तळ गोड्या पाण्याने स्वच्छ धुवावा, आणि पूर्ण वाळल्यावरच गंजरोधक लेप द्यावा. ओल्या वा गंजलेल्या पत्र्यावर दिलेला लेप ओल आत कोंडून ठेवतो व नुकसानच करतो. आंबा-फणसाखाली उभ्या असणाऱ्या गाडीत काचेखालच्या जाळीत पाने साचून पाण्याची वाट बंद होते आणि पाणी पायाखालच्या गालिच्यात उतरते. कुबट वास ही त्याची पहिली खूण. तपासणीच्या वेळी मालकाने स्वतः खाली वाकून पाहावे. दारांखालची पोकळ पट्टी, बॅटरीखालची जागा, तळाचा पत्रा आणि सस्पेन्शनचे जोड येथे स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने दाबून पाहिल्यास रंगाखाली दडलेला गंज उघड होतो. बाहेरून नवा रंग दिलेली गाडी तर आवर्जून अशी पाहावी.

गाडी बदलण्याच्या बाजूने आणखी एक सबळ कारण आहे, आणि ते रुपयांत मांडता येत नाही. चाके जाम होऊ न देणारी ब्रेकची एबीएस यंत्रणा देशातील सर्व नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून आणि चालकासाठी एअरबॅग जुलै २०१९ पासून अनिवार्य झाली. समोरून व बाजूने होणाऱ्या आघाताच्या चाचणीचे नियमही याच सुमारास सर्व मोटारींना लागू झाले. त्यापूर्वीच्या छोट्या गाड्यांच्या स्वस्त आवृत्त्यांत या सोयी बहुधा नसत. जी गाडी रोज महामार्गावरून धावते, जिच्यात मुलांना घेऊन रात्रीचा प्रवास घडतो, तिच्या बाबतीत वर्षाला चार-पाच हजार रुपयांची बचत हे कारण थिटे पडते. नवी घेणे शक्य नसेल, तर २०१९ नंतरची तीन-चार वर्षे वापरलेली गाडी घेणे हा मधला मार्ग आहे. मोठी घट पहिल्या मालकाने सोसलेली असते आणि सुरक्षिततेच्या सोयी मिळतात.

कायदा काय सांगतो

पंधरा वर्षे झाली की गाडी मोडीतच काढावी लागते, असा समज खेड्यापाड्यांत दृढ आहे. खाजगी मोटारीपुरता तो खरा नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये खाजगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर तपासणीत गाडी योग्य आढळल्यास ती पाच-पाच वर्षांसाठी वाढवून मिळते. दहा वर्षांच्या डिझेल व पंधरा वर्षांच्या पेट्रोल गाड्यांवरील निर्बंध राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१५ च्या व सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशांतून आला तो दिल्ली व तिच्या परिसरासाठी. त्याचाही २०२५ मध्ये न्यायालयात पुन्हा विचार झाला. पंधरा वर्षांवरील सरकारी वाहनांची नोंदणी १ एप्रिल २०२३ पासून वाढविली जात नाही, हे खरे; पण कचेरीच्या जीपचा नियम घरच्या मोटारीस लागू होत नाही.

नूतनीकरणाचा अर्ज नमुना २५ मध्ये, मुदत संपण्यापूर्वीच्या ६० दिवसांत करावयाचा असतो. मोटारीसाठीचे हे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपये झाले, आणि वीस वर्षांवरील मोटारींसाठी ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेने १०,००० रुपये ठरले. पाच वर्षांवर विभागले तर ही रक्कम जड नाही. तपासणीत उत्तीर्ण होण्यासाठी करावी लागणारी दुरुस्ती मात्र जड असू शकते. म्हणून चौदाव्या वर्षीच गाडी मेकॅनिककडून तळापासून तपासून घ्यावी. विकावयाची ठरल्यास नोंदणीची वर्षभर मुदत शिल्लक असलेल्या गाडीस गिऱ्हाईक मिळते. मुदत संपून अंगणात उभ्या असलेल्या गाडीस फक्त भंगारवाला विचारतो.

भंगारातच द्यावयाची असेल, तर ती नोंदणीकृत वाहन-मोड केंद्रात द्यावी. तेथे मिळणाऱ्या ठेव-प्रमाणपत्रावर नवी खाजगी गाडी घेताना मोटार वाहन करात कमाल २५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्रीय नियमांत आहे. आपल्या राज्यात ती किती आहे, हे वाहतूक कार्यालयात विचारून घ्यावे. रस्त्यावरच्या भंगारवाल्यास दिलेल्या गाडीची नोंदणी आपोआप रद्द होत नाही.

ओळखीच्या माणसास विकतानाही केवळ किल्ली व पावती देऊन थांबू नये. विक्रेत्याने नमुना २९ मध्ये हस्तांतराची सूचना त्याच राज्यात १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याकडे द्यावयाची असते आणि नमुना ३० सह हस्तांतराची नोंद होईपर्यंत पाठपुरावा करावयाचा असतो. गाडी दुसऱ्याच्या ताब्यात जाऊन अनेक हात बदलली असली, तरी दप्तरात ज्याचे नाव आहे तोच मालक समजला जाईल व अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याच्यावर येईल, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१८ मधील एका निर्णयात स्पष्ट केले आहे.