युरोपात गाडीने चार देश : सीमा दिसत नाही, नियम मात्र बदलतात

ऑस्ट्रियातून स्लोव्हेनियात जाणाऱ्या हायवेवर कारावांकेन नावाचा जवळपास 8 किलोमीटरचा बोगदा आहे. दोन देशांची सीमा या बोगद्याच्या पोटात आहे. डोंगराच्या एका बाजूला आत शिरायचं आणि दुसऱ्या बाजूला बाहेर पडलं की देश बदललेला. 1985 मध्ये लक्झेंबर्गमधल्या शेंगेन गावी झालेल्या कराराची ही कृपा.

रील्समध्ये इतकंच दिसतं. बोगद्यातून बाहेर पडल्यावर टोलचे नियम बदलले, हे दिसत नाही. अशा सहलीचा खर्च वाढतो तो बहुतेक वेळा इथेच.

उदाहरण म्हणून एक खरा रस्ता घेऊ. म्युनिकहून निघायचं, साल्झबुर्ग, स्लोव्हेनियातलं ब्लेड सरोवर, व्र्शिच घाट, नोव्हा गोरित्सा, मग इटलीतलं पाल्मानोव्हा आणि परत म्युनिक. देश चार, रात्री नऊ. फेरी गोल ठेवण्याचं कारण साधं आहे. एका देशात घेतलेली भाड्याची गाडी दुसऱ्या देशात सोडली तर कंपन्या वेगळे पैसे लावतात, आणि ती रक्कम कधीकधी भाड्याच्या तोडीची असते.

व्हिसा कोणाचा?

विमान म्युनिकला उतरतं म्हणून जर्मनीचा व्हिसा, असा अनेकांचा समज असतो. भारतीय पासपोर्टवर शेंगेन व्हिसा एकच लागतो, पण अर्ज जिथे मुक्काम सर्वात जास्त त्या देशाकडे करायचा असतो. मुक्काम सारखेच असतील तर पहिला प्रवेश ज्या देशात, तिथे. वरच्या सहलीत जर्मनीत 2, ऑस्ट्रियात 2, स्लोव्हेनियात 4 आणि इटलीत 1 रात्र धरली, तर अर्ज स्लोव्हेनियाकडे जातो. म्हणून आधी रात्री मोजाव्यात, मग व्हिसाची तारीख शोधावी. किमान 30,000 युरोचा वैद्यकीय विमाही अर्जासोबत लागतो.

गाडी चालवायला मूळ लायसन्स आणि आरटीओकडून मिळणारं आंतरराष्ट्रीय ड्रायव्हिंग परमिट, दोन्ही जवळ हवं. हे परमिट वर्षभर चालतं. गाडी बुक करताना कोणकोणत्या देशांत नेणार ते सांगून करारावर लिहून घ्यावं. परवानगी नसलेल्या देशात अपघात झाला तर विमा हात वर करू शकतो. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर तसं स्पष्ट मागावं लागतं. स्टिअरिंग डावीकडे आणि रस्ता उजवीकडे असताना गिअर बदलण्याचीही कसरत कशाला?

फास्टॅगसारखं एकच काही नाही

जर्मनीत कारला हायवेवर टोल नाही. ऑस्ट्रिया आणि स्लोव्हेनियात हायवेसाठी ठरावीक दिवसांचा पास घ्यावा लागतो, त्याला व्हिन्येट म्हणतात. दोन्ही देशांचे पास वेगळे. स्लोव्हेनियाचा पास पूर्णपणे डिजिटल आहे, तो गाडीच्या नंबरवर घेतला जातो. नंबरातलं एक अक्षर चुकलं तरी पास नसल्यातच जमा, आणि विनापास पकडलं गेल्यास दंड किमान 300 युरो. भाड्याच्या गाडीचा नंबर किल्ली हातात आल्यावरच कळतो, त्यामुळे ही खरेदी सीमेआधीच्या पेट्रोल पंपावर थांबून करणं सोयीचं. कारावांकेन बोगदा आणि साल्झबुर्गच्या दक्षिणेचा टाउर्न बोगदा यांचे पैसे पासाव्यतिरिक्त वेगळे. इटलीत मात्र आपल्या ओळखीची पद्धत आहे : शिरताना तिकीट घ्यायचं, बाहेर पडताना अंतराप्रमाणे पैसे भरायचे.

इटलीतला खरा सापळा जुन्या शहरांत आहे. तिथल्या मध्यवर्ती गल्ल्यांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असते आणि तोंडाशीच कॅमेरा असतो. कुणी अडवत नाही, शिट्टीही वाजत नाही. दंड कित्येक महिन्यांनी घरी येतो, आणि गाडीवाली कंपनी माहिती पुरवल्याचे पैसे कार्डातून कापते ते वेगळेच. गाडी वेशीबाहेर लावून चालत जाणं उत्तम.

थांबायचं कुठे?

ब्लेडचे फोटो सगळ्यांनी पाहिलेत. त्याहून मोलाचा आहे तिथून तासाभराच्या आतबाहेर असलेल्या क्रान्स्का गोराला सुरू होणारा व्र्शिच घाट. उंची 1,611 मीटर, आणि 50 मोठी वळणं. प्रत्येक वळणावर क्रमांक आणि उंचीची पाटी आहे. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रिया-हंगेरीच्या सैन्याने हा रस्ता रशियन युद्धकैद्यांकडून बांधून घेतला. मार्च 1916 मध्ये हिमकडा कोसळून त्यातले अनेक गाडले गेले. सोबत्यांनी त्यांच्या स्मरणार्थ बांधलेलं लाकडी चर्च रस्त्यालगत अजून उभं आहे. घाट उतरला की सोचा नदी साथीला येते, पाणी खरोखर हिरवट निळं. बोवेत्सपर्यंतचं अंतर 50 किलोमीटरही नाही, पण अर्धा दिवस द्यावा. हिवाळ्यात बर्फामुळे घाट बंद होतो, तेव्हा हा बेत उन्हाळ्याचा.

पुढे नोव्हा गोरित्सा. 1947 मध्ये नवी सीमा आखली गेली तेव्हा गोरित्सिया शहर इटलीकडे राहिलं आणि त्याचं रेल्वे स्टेशन युगोस्लाव्हियाकडे गेलं. मग युगोस्लाव्हियाने पलीकडे नवंच शहर वसवलं, म्हणून नाव ‘नवी गोरित्सा’. स्टेशनसमोरच्या चौकातलं कुंपण 2004 मध्ये निघालं, 2020 मध्ये कोरोनाकाळात काही महिने पुन्हा आलं. आज त्या चौकात जमिनीवरच्या खुणेच्या अलीकडे एक पाय आणि पलीकडे दुसरा ठेवून दोन देशांत उभं राहता येतं.

पाल्मानोव्हा हे 1593 मध्ये व्हेनिसच्या सत्तेने उभारलेलं, नऊ टोकांच्या चांदणीच्या आकाराचं किल्ल्याचं गाव. दोन तास पुरेत. खुद्द व्हेनिस या यादीत मुद्दाम नाही. तिथे गाडी वेशीवर महागड्या पार्किंगमध्ये ठेवावीच लागते. व्हेनिस ही रेल्वेने जायची जागा आहे.

परतीची एक गोष्ट. शेंगेन असलं तरी जर्मनीने ऑस्ट्रियाच्या सीमेवर 2015 पासून तात्पुरती म्हणून तपासणी सुरू केली आणि ती वेळोवेळी वाढवली. साल्झबुर्गजवळच्या वाल्झरबेर्ग नाक्यावर सुटीच्या दिवसांत रांग लागते. पासपोर्ट डिकीतल्या बॅगेत न ठेवता हाताशी ठेवावा, आणि त्याच संध्याकाळचं विमान असेल तर दोन तास जादा धरावेत.