जुन्या टू-स्ट्रोकचा श्वास

अमेरिकेतील वाळवंटी टेकड्यांवर १९८७ पासून धावू लागलेल्या यामाहा बॅन्शी या ३४७ सीसीच्या चौचाकीत पेट्रोल, त्यातच मिसळलेले वंगण आणि हवा प्रथम क्रँककेसमध्ये ओढली जात असल्यामुळे, क्रँकशाफ्टच्या टोकाचे रबरी सील वयोमानाने कडक होऊन चिरले की बाहेरची हवा आत शिरते, मिश्रण विरळ होते, उष्णता वाढते आणि अखेरीस पिस्टन जाम होतो. नवा पिस्टन बसवून हे मूळ कारण तसेच ठेवणे म्हणजे केवळ अपव्यय. म्हणून इनटेक व एक्झॉस्टची तोंडे बंद करून हातपंपाने सुमारे ६ पीएसआय दाब भरावा, सांध्यांवर साबणाचे पाणी लावावे आणि बुडबुडे येतील तेथे गळती मुक्रर करावी. मॅग्नेटोकडील सील फ्लायव्हीलमागे दडलेले असते, तेव्हा फ्लायव्हील काढून तेही तपासावे.