समुद्रावरची जखम अंगावर काढू नका

अहिल्यानगर जिल्ह्याला समुद्र नाही, पण समुद्राची ओढ मोठी आहे. दिवाळीची सुट्टी लागली की इथल्या गाड्या अलिबाग, रत्नागिरी, मालवणची वाट धरतात. कोकणचा किनारा मात्र सगळाच वाळूचा नाही. जागोजागी काळे कातळ समुद्रात घुसलेले आहेत आणि पावसाळी वाऱ्यात तिथे जहाजांचा निभाव लागणे अवघड असते.

१७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक प्रवासी दगावले. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज भरकटत रत्नागिरीजवळच्या मिऱ्या किनाऱ्यावर येऊन अडकले. खलाशी वाचले. गंजत चाललेला सांगाडा पुढे अनेक वर्षे पर्यटकांच्या फोटोंचा विषय झाला.

माणसाने सोडलेले जहाज समुद्री जीव मात्र सोडत नाहीत. पाण्यातल्या पत्र्यावर आधी जिवाणूंचा बुळबुळीत थर बसतो. त्यावर शेवाळ, बार्नेकल आणि कालवं चिकटतात. मग खेकडे आणि मासे आसऱ्याला येतात. किनाऱ्यावरच्या कातळावरही हीच वस्ती असते. कालवांच्या कडा ब्लेडसारख्या धारदार असतात. ओहोटीला अनवाणी फिरणाऱ्याचा पाय घसरला की तळवा, नडगी किंवा हात हमखास कापतो.

‘खाऱ्या पाण्याने जखम बरी होते’ हा समज इथे घातक ठरतो. कोमट समुद्रात आणि खाडीत ‘व्हिब्रिओ व्हल्निफिकस’ नावाचा जिवाणू राहतो. निरोगी माणसाला तो सहसा त्रास देत नाही. पण यकृताचा आजार, मधुमेह किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांच्या जखमेत शिरला, तर एक-दोन दिवसांत मांस सडू लागते. अशा गंभीर संसर्गात पाचांपैकी सुमारे एक रुग्ण दगावतो. यकृत खराब झालेल्यांनी कच्ची कालवंही खाऊ नयेत.

दुसरा समज गंजाचा. धनुर्वात गंजामुळे होत नाही. त्याचे जिवाणू माती, धूळ आणि शेणात असतात आणि खोल, मळलेल्या जखमेत वाढतात. गंजलेल्या पत्र्याने अशी जखम होते, म्हणून गंजाचे नाव झाले. मळलेली जखम असेल आणि शेवटची लस घेऊन पाच वर्षे उलटली असतील, तर पुन्हा डोस घ्यावा.

जखम झाल्यास ती लगेच भरपूर स्वच्छ गोड्या पाण्याने व साबणाने धुवावी. हळद, कॉफी किंवा चुना भरू नये. कातळावर जाताना जाड तळाचे बूट घालावेत. जखम उघडी असेल तर समुद्रात उतरू नये.

त्रास बऱ्याचदा घरी परतल्यावर वाढतो. वेगाने पसरणारी लाली, जखमेच्या मानाने फार जास्त वेदना, जांभळट फोड किंवा ताप दिसला तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. तिथे पहिल्याच वाक्यात सांगावे : ‘ही जखम समुद्रावर झाली आहे.’ किनाऱ्यापासून इतक्या लांब डॉक्टरांच्या मनात समुद्र सहज येत नाही आणि योग्य अँटिबायोटिक निवडायला हीच माहिती लागते.