ग्वाल्हेरच्या शिलालेखातलं गणित
ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर चढताना चतुर्भुज मंदिरापाशी थांबाच. तिथल्या इ.स. ८७६च्या शिलालेखात देवाच्या फुलबागेचं माप कोरलंय: २७० हात लांब, १८७ हात रुंद. शिवाय रोजचे ५० हार. या २७० आणि ५० मधलं शून्य आजच्यासारखंच गोल आहे, फक्त जरा लहान.

मुलांना गृहपाठाला हेच द्या: बागेचं क्षेत्रफळ किती? २७०चं शून्य बाजूला ठेवा. उरलेल्या २७ची फोड २० आणि ७. १८७ गुणिले २० म्हणजे ३७४०, १८७ गुणिले ७ म्हणजे १३०९, बेरीज ५०४९. आता ते शून्य परत जोडा. प्रत्येक आकडा एक घर डावीकडे सरकतो, दहापट होतो: ५०,४९० चौरस हात. हात दीड फुटाचा धरला, तर अडीच एकरांहून थोडं जास्त. पायऱ्या गाळून नुसतं उत्तर लिहिलं, तर शून्याचं हे काम मुलांना दिसतच नाही.