‘फकिरा’ निम्म्यावर आली असता

अण्णा भाऊ साठे यांची, १९५९ साली प्रसिद्ध झालेली ‘फकिरा’ ही कादंबरी निम्मी वाचून झाली असताना माझ्या अंतःकरणावर सर्वांत खोल ठसा उमटला आहे तो नायकाच्या पराक्रमाचा नव्हे, तर शिगावच्या जत्रेतील मानाची जोगणी आपल्या गावी आणताना प्राणांस मुकणाऱ्या त्याच्या पित्याच्या, राणोजीच्या निष्ठेचा. कारण ज्या गावाने त्याला वेशीबाहेर ठेवले, त्याच गावाच्या इभ्रतीसाठी तो देह वेचतो.

कथाभूमी वाटेगाव, म्हणजे लेखकाचे जन्मगाव, आज सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात असले, तरी कथेच्या काळी तो सारा मुलूख सातारा जिल्ह्यातच मोडत असे. ‘गुन्हेगार जमाती’ असा शिक्का मारून फकिराच्या मातंग समाजावर लादलेल्या सरकारी हजेरीचा जाच मी इतिहासग्रंथांत वाचला होता. त्यातील मानभंग मात्र येथेच प्रथम जाणवला.

ग्रंथास प्रस्तावना आहे सांगलीतच जन्मलेल्या वि. स. खांडेकरांची, आणि अर्पणपत्रिका आहे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीस. वारणाकाठच्या ज्या वाचकांनी ही कादंबरी अद्याप हाती घेतली नसेल, त्यांनी तिच्यावर निघालेल्या चित्रपटावर समाधान न मानता मूळ कृतीच वाचावी, ही आग्रहाची विनंती.