चौदा फुटी बोट आणि तिचा ट्रेलर

मिनेसोटा, विस्कॉन्सिन, मिशिगन ही अमेरिकेच्या उत्तरेकडची तळ्यांची राज्यं. एकट्या मिनेसोटात दहा एकरांहून मोठी ११,८४२ तळी आहेत. इथे घरामागच्या गवतात एखादी ॲल्युमिनियमची बोट उलटी पडलेली असली, तर तिच्याकडे कोणी वळूनही बघत नाही. चौदा फूट लांबी, आत बसायला तीन आडव्या पाट्या, बाहेरचा हिरवा रंग पोपडे सुटून निघालेला. आजोबांनी घेतलेली, वडिलांनी वापरलेली आणि नंतर कोणीच न वापरलेली. घर विकायची वेळ आली की ती ट्रेलरसकट रस्त्याच्या कडेला येते आणि तिच्यावर किमतीचा पुठ्ठा लागतो. घेणारा बहुधा दोन गल्ल्या पलीकडचाच असतो. पुढचा सगळा हिवाळा त्याच्या गॅरेजमधून ड्रिलचा आवाज येत राहतो.

ही बोट मुळात विमानांच्या कारखान्यातून आली. विल्यम हॉफमन हे ग्रुमन या लढाऊ विमानं बांधणाऱ्या कंपनीचे उपाध्यक्ष. १९४४ साली न्यूयॉर्क राज्यातल्या ॲडिरॉन्डॅक डोंगरात ते सुटीवर गेले. एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात जाताना कॅनव्हासची जड होडी खांद्यावर वाहून ते वैतागले आणि ही ॲल्युमिनियमची का नसावी, असा विचार घेऊन परतले. तेव्हा ग्रुमनकडे पत्रा होता, तो साच्यावर ताणून वाकवायची यंत्रं होती आणि हेलकॅट विमानांना लाखो रिव्हेट मारून हात बसलेले कामगार होते. युद्ध संपताच कंपनीनं होड्या काढायला सुरुवात केली. पुढे याच ग्रुमननं चंद्रावर उतरणारं यान बांधलं, पण अमेरिकेच्या खेड्यापाड्यांत तिचं नाव अजूनही होड्यांसाठीच जास्त घेतलं जातं. मिनेसोटातही त्याच सुमारास ॲल्युमाक्राफ्ट आणि क्रेस्टलायनर (१९४६) आणि लुंड (१९४८) या कंपन्या उभ्या राहिल्या. आज गॅरेजात दुरुस्तीला येणाऱ्या जुन्या बोटींवर हीच नावं पुन्हा पुन्हा दिसतात.

पन्नास-साठ वर्षं उन्हापावसात पडलेली बोट दुरुस्त होऊ शकते, याचं कारण धातूतच आहे. हवा लागताच ॲल्युमिनियमवर स्वतःच्याच ऑक्साइडचा पातळ, घट्ट थर चढतो आणि खालचा धातू झाकला जातो. लोखंडाचा गंज सुटून पडतो आणि नवा भाग उघडा पाडतो, तसं इथे होत नाही. शिवाय बोटींसाठी मॅग्नेशियम मिसळलेला जो पत्रा वापरतात, तो पाण्याला चांगला टिकतो. त्यामुळे जुन्या बोटीत धातू बहुतेक शाबूत सापडतो. माणसानं सोयीसाठी आत घातलेलं लाकूड, फोम, गालिचा आणि स्क्रू मात्र गेलेले असतात. या दुरुस्तीचं निम्म्याहून अधिक काम उकरण्याचं आहे, आणि ते न करता जो थेट रंगाचा डबा उघडतो, त्याची बोट दोन उन्हाळ्यांत पुन्हा गॅरेजात येते.

उकरायला सुरुवात तळाच्या फळ्यांपासून होते. फळी उचलली की खाली पिवळट फोम दिसतो. बोट पाण्यानं भरली तरी बुडू नये म्हणून तो घातलेला असतो. ॲल्युमिनियम पाण्याच्या पावणेतीन पट जड आहे, नुसती पत्र्याची बोट भरली की सरळ तळाला जाते. १९७१ च्या बोट सुरक्षा कायद्यानंतर वीस फुटांखालच्या बोटींत तरंगण्याची अशी व्यवस्था सक्तीची झाली. पण जुना फोम वर्षानुवर्षं हळूहळू पाणी पितो. बोट अलीकडे जड का झाली, मोटर पूर्वीसारखी ओढत का नाही, असं म्हणणाऱ्याच्या पायाखाली एखाद्या माणसाच्या वजनाएवढं पाणी फोममध्ये अडकलेलं असू शकतं. तो फावड्यानं, करवतीनं, प्रसंगी हातानं ओरबाडून काढावा लागतो.

इथेच या छंदातली मला सर्वांत न पटणारी गोष्ट घडते. फोम काढल्यावर मोकळी झालेली जागा बघून मालकाला मोह होतो. इथे गळांची पेटी बसेल, इथे बॅटरी, इथे थंड पेयांचा डबा. मग नवा फोम अर्धाच भरला जातो किंवा भरलाच जात नाही. एक घनफूट कोरडा फोम पाण्यात सुमारे साठ पौंड वजन तोलून धरतो. तेवढं तोलायला दुसरं काही आत ठेवलेलं नसतं. घराच्या भिंतींना लावतात ते गुलाबी किंवा निळे पॉलिस्टायरीनचे तक्ते कापून बसवले तर ते पाणी फारसं पीत नाहीत आणि महागही नसतात. मात्र पेट्रोल सांडलं तर ते विरघळतात, म्हणून इंधनाच्या टाकीपासून दूर हवेत.

नव्या तळासाठी लाकूड आणायला माणूस वखारीत जातो आणि पाण्याजवळ वापरायचं म्हणून वाळवी-बुरशी न लागणारं, औषध मुरवलेलं हिरवट लाकूड उचलतो. हा निर्णय बोटीला सर्वांत महाग पडतो, कारण त्या औषधात तांबं असतं. २००३ च्या अखेरीस घरगुती वापरातून आर्सेनिकवालं जुनं औषध गेलं आणि त्याऐवजी आलेल्या औषधांत तांब्याचं प्रमाण आणखी वाढलं. ओलं लाकूड ॲल्युमिनियमला टेकून राहिलं की दोन धातू आणि मधलं पाणी मिळून बारीकशी विद्युतघटमालाच तयार होते, आणि तीत झिजतं ते ॲल्युमिनियम. आपल्याकडे जर्मनच्या पातेल्यात चिंचेची आमटी रात्रभर ठेवू नये म्हणतात, कारण पातेल्याला बारीक भोकं पडतात. इथे कारण वेगळं असलं तरी भोकं तशीच दिसतात. तळात पडून राहिलेलं एक नाणंही पुरतं. अमेरिकेच्या १९८२ पूर्वीच्या एका सेंटच्या नाण्यात ९५ टक्के तांबं असे. खिशातून पडलेलं असं नाणं किंवा गळाची शिशाची गोळी बरगड्यांच्या सांदीत अडकली की काही वर्षांत नेमकं तिथेच छिद्र सापडतं. म्हणून जाणकार साधं बाहेरच्या वापराचं प्लायवूड घेतात, त्याच्या कडांसकट इपॉक्सी पाजतात, आणि स्टेनलेसच्या प्रत्येक बोल्टला बसवण्याआधी वंगण फासतात.

आता गळतीकडे येऊ. जुन्या बोटीला हजाराच्या आसपास रिव्हेट असतात आणि सगळे गळत नाहीत. कुठले गळतात ते शोधायची रीत उलटी आहे: बोट पाण्यात न नेता पाणीच बोटीत भरायचं. ट्रेलरवर असतानाच नळीनं काही इंच पाणी सोडायचं आणि खाली वाकून जिथे थेंब दिसेल तिथे मार्करनं खूण करायची. काठोकाठ भरण्याचा उत्साह मात्र टाळावा. चौदा फुटी बोटीत सहा इंच पाणी म्हणजेच शेकडो किलो, आणि ते वजन पेलायला ट्रेलर बांधलेला नसतो.

खुणा झाल्या की दोन माणसं लागतात. एकानं बाहेरून रिव्हेटच्या डोक्यावर हवेची हातोडी धरायची, दुसऱ्यानं आतून पोलादाचा जड ठोकळा दाबून धरायचा. सैल झालेला रिव्हेट पुन्हा फुगतो आणि भोक भरतो. हे काम नवरा-बायको, बाप-मुलगी अशा जोड्या करतात, आणि कानात बोळे घालूनही एकमेकांवर ओरडतात. रिव्हेट फारच झिजला असेल तर ड्रिलनं काढून नवा घालायचा. बाजारात मिळणारे साधे पॉप रिव्हेट मधून पोकळ असतात, पाण्याखाली ते चालत नाहीत. तिथे बंद टोकाचे लागतात, तेही सीलंट लावून. शेवटी आतल्या सांध्यांवर पातळ इपॉक्सी ओततात, ती केसासारख्या फटीतही झिरपत जाते. वेल्डिंगचा विचार बहुतेक जण सोडून देतात. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्यावरच्या ऑक्साइडला दोन हजारांहून अधिक अंश लागतात. नवख्याच्या हातात वरची साय तशीच राहते आणि खालचा पातळ पत्रा भोक पाडून गळून जातो.

रिव्हेट सैल झाले कशानं, हा प्रश्न मात्र फार थोडे विचारतात. लाटांनी, असं उत्तर येतं. पण तळं घरापासून पन्नास-साठ मैलांवर आणि पाण्यावर अंतर फार तर दोन-चार मैलांचं, असं ज्या बोटीचं आयुष्य गेलं, तिनं आदळआपट सोसली ती रस्त्यावर. ट्रेलरवर बोट लाकडी दांड्यांवर किंवा रबरी रोलरवर टेकते. त्या दांड्या मागच्या टोकापर्यंत पोचत नसतील, तर मोटरचं सगळं वजन अधांतरी राहतं आणि प्रत्येक खड्ड्यात पत्रा तिथे वाकतो. ॲल्युमिनियम वारंवार वाकवलं की थकतं आणि बरगड्यांच्या कडेनं चिरतं. चिरेच्या टोकाला बारीक गोल भोक पाडून तिची वाढ थांबवतात आणि वरून ठिगळ मारतात. दांड्या मात्र जुन्याच राहिल्या, तर पुढची चीर ठरलेली.

मोटर लटकते ती मागची आडवी भिंत, ट्रान्सम. तिच्या आत प्लायवूड असतं आणि ते जवळजवळ नेहमी कुजलेलं निघतं. स्क्रूड्रायव्हर टोचून ते मऊ लागलं की बदलायचं, यात विचार करण्यासारखं फारसं काही नाही.

रंगाबद्दलही थोडक्यात. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये, त्याचे कण रुतून बसतात आणि गंजाचे ठिपके उमटतात. घासून लगेच, ऑक्साइड पुन्हा चढायच्या आत, धातू किंचित खाणारा प्रायमर लावावा. शेवाळ धरू नये म्हणून जहाजांच्या तळाला लावतात तो तांब्याचा रंग इथे मुळीच नको.

मग येतो तो भाग, ज्यासाठी लोक खरं तर हे सगळं करतात: बोट आपल्या मनासारखी करणं. १९७८ साली मासेमारीचं सामान विकणाऱ्या बास प्रो शॉप्सच्या जॉनी मॉरिस यांनी बोट, मोटर आणि ट्रेलर एकत्र, एका किमतीत विकायला काढले. बास ट्रॅकर नावाच्या त्या बोटीनं साध्या कोळ्याच्या डोक्यात एक चित्र पक्कं बसवलं: पुढे उभं राहून गळ फेकायचा सपाट मंच, माशांसाठी पाणी खेळतं ठेवणारी टाकी, नाळेवर विजेची छोटी मोटर, समोर मासे दाखवणारा पडदा. आता प्रत्येक चौदा फुटी बोटीला ते सगळं हवं असतं. गालिचा चढतो, दिवे लागतात, दोन बॅटऱ्या येतात आणि अर्ध्या मालकांना फ्यूज बसवायचा राहतो.

या सगळ्या उत्साहाला उत्तर देणारी एक पाटी बोटीतच असते. १९७२ च्या अखेरीपासून वीस फुटांखालच्या मोटरबोटींवर किती माणसं, किती वजन आणि किती अश्वशक्ती चालेल हे लिहिलेली पट्टी लावणं बंधनकारक आहे. मंच, प्लायवूड, बॅटऱ्या, टाकीतलं पाणी हे सगळं त्याच आकड्यातून वजा होतं. चार माणसांची बोट दुरुस्तीनंतर दोघांची झालेली असते आणि मालकाच्या ते ध्यानीमनीही नसतं. शिवाय माणूस आता तळाऐवजी फूटभर उंच मंचावर उभा असतो, त्यामुळे अरुंद बोट जोरात कलते. मला या बोटी साध्याच आवडतात, हे कबूल करून सांगतो: ज्यांनी मंच बैठकीच्या पाटीपेक्षा उंच नेला नाही, त्यांच्या बोटीत बसायला मी कधीही तयार असतो.

ट्रेलरला शेवटचे पैसे आणि शेवटचा शनिवार मिळतो. खरं तर बोट पाण्यात बिघडली तर वल्ही आहेत. ट्रेलर हमरस्त्यावर ताशी साठ मैलांच्या वेगात बिघडतो. त्याच्या चाकांचे बेअरिंग वाटेत तापतात आणि धक्क्यावर पोचताच गार पाण्यात बुडतात. आतली हवा आकसते, जुन्या सीलमधून पाणी ओढून घेते आणि ग्रीस दुधट होऊन जातं. म्हणून स्प्रिंग असलेल्या टोप्या मिळतात, ज्या ग्रीसवर आतून कायम थोडा दाब ठेवतात. टायरची नक्षी शाबूत असली तरी रबर वयानं चिरतं, ते बोटानं दाबून बघावं. दिव्यांच्या चार तारा असतात: पांढरी जमिनीची, तपकिरी मागच्या दिव्यांची, पिवळी डावीकडची, हिरवी उजवीकडची. उजवा दिवा लावला की डावा मिणमिणतो, अशी भुताटकी दिसली तर दोष जवळजवळ नेहमी पांढऱ्या तारेचा असतो, कारण ती गंजक्या सांगाड्याला टेकवलेली असते. आणि जोडणीचा गोळा दोन इंचांचा आहे की पावणेदोनाच्या जरा वरचा, हे डोळ्यांना कळत नाही. गोळ्यावर आकडा कोरलेला असतो, तो वाचायचा.

एवढं करून पैसे वसूल होत नाहीत. तेवढ्या खर्चात कमी जुनी, चालती बोट मिळाली असती, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

मे महिन्यात वॉलाय माशाचा हंगाम उघडतो आणि बोटी रांगेनं धक्क्यावर येतात. मिनेसोटात बोट रस्त्यावरून नेताना तळाचं बूच काढून ठेवणं कायद्यानं बंधनकारक आहे. त्याचं कारण असं: १९८८ साली सेंट क्लेअर तळ्यात परदेशी जहाजांच्या पाण्यातून आलेले झेब्रा शिंपले सापडले, आणि बोटींच्या तळात उरलेल्या पाण्याबरोबर ते एका तळ्यातून दुसऱ्यात पसरतात. म्हणून पाण्यात उतरवण्याआधी काढलेलं बूच आठवणीनं परत लावावं लागतं. हिवाळाभर एकेक रिव्हेट तपासलेला माणूस नेमकं हेच विसरतो, आणि पाच मिनिटांत त्याचे पाय घोट्यापर्यंत पाण्यात असतात. मुरलेले लोक गाडीच्या किल्लीतच एक जादा बूच अडकवून ठेवतात.